चांगल्या माणसांची सोसायटी

माणूस जन्माला येतो तो चांगला असतो की लबाड, यावरनं माझी आणि आपाची रंकाळ्यावर रोज संध्याकाळी जुंपायची. फिरायला आलेली माणसं वळून वळून बघायची. भेळवाला तर आम्ही लांबून दिसलो की कांदा चिरायचा थांबायचा.

आपा म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच शाळेत नोकरीला लागलो आणि एकाच शाळेतनं निवृत्त झालो. ती मुसलमान, म्हणून स्टाफरूमनं तिला पहिल्याच आठवड्यात आपा, म्हणजे थोरली बहीण, करून टाकलं. आमच्यात वयानं ती सगळ्यात लहान, तरी हेडमास्तरांसकट सगळ्यांची ती आपाच. मी नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवायची आणि ती पहिलीला. मला विचाराल तर आमच्या भांडणाचं मूळ धर्मात नव्हतंच, इयत्तेत होतं. पहिलीतलं पोर बाईंच्या पदराला धरून चालतं, डब्यातला अर्धा लाडू बाईंना देतं. अशा पोरांत आयुष्य काढलेल्या बाईला माणूस चांगलाच वाटणार की. तिनं माझी नववी 'क' एक तास सांभाळायची होती.

"माणूस मुळात निर्मळच येतो गं," ती म्हणायची. "आमच्यात त्याला फितरत म्हणतात. घडवणाऱ्यानं घडवतानाच आत चांगलं घातलेलं असतंय. पण माणूस विसराळू. म्हणून दिवसातनं पाच वेळा आठवण करून द्यायची."

"नववी 'क'ला दर तासाला आठवण केली तरी गृहपाठ येत न्हवता," मी म्हणायची. "माणूस मुळात मतलबी. म्हणून तर कायदा लागतो, घटना लागती."

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा गेला, आणि पुढं वडलांनी त्या कोनाड्यात घटनेची प्रत आणून ठेवली. ती आता माझ्याकडं आहे. मी तिच्यावरची धूळ रोज सकाळी पुसते. "बघ, तू पण पूजाच करतीस," असं आपा एकदा म्हणाली, तर मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. राग माझ्या नाकावर असतो, हे साऱ्या गावाला माहीत आहे. केएमटीचे कंडक्टर मला बघून सुटे पैसे आधीच काढून ठेवतात.

हक्कांवरनं तर रोजच ठिणगी पडायची. मी म्हणायची, हक्क घटनेनं दिले. ती म्हणायची, "घटनेनं दिले असतील तर उद्या कुणी घटना बदलली की गेले. ज्यानं माणूस म्हणून जन्माला घातलं त्यानंच ते दिलेत. घटनेनं नुसतं नीट लिहून ठेवलं."

"आणि मी तुझ्या देवाला मानत न्हाय, मग मला कोण देणार?"

"तुला बी त्यानंच दिलेत. तू मान न्हायतर नको मानू."

"व्हय का? मग धर्माचं राज्य असतं तर तुझ्या आणि माझ्या मताला सारखी किंमत असती का?"

आपा लबाड बोलत नाही, हा तिचा मोठाच दोष आहे, कारण त्यामुळं भांडण मध्येच बुडतं. "सगळीकडं नसती," ती म्हणायची. "आमच्यातले शहाणे लोक पण यावर भांडत आलेत. म्हणून तर मतदानाच्या दिवशी तुझ्या आधी मी रांगेत असते. देव त्याच्या जागी, मतदान त्याच्या जागी."

एकदा तिनं मला फरिश्त्यांची गोष्ट सांगितली. फरिश्ते म्हणजे देवदूत. त्यांना चूक करताच येत नाही. माणसाला येते. तरी देवानं फरिश्त्यांनाच सांगितलं, माणसापुढं झुका. का? तर चुकायची मुभा असून जो नीट वागतो, त्याची किंमत जास्त. मला गोष्ट आवडली, पण तसं म्हटलं असतं तर ती डोक्यावर बसली असती. मी म्हटलं, "आमच्या घटनेत चुकणाऱ्यालाही हक्क असतात. तुरुंगातल्या चोराला पण वकील मिळतो. हक्क म्हणजे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नव्हे, हे वाक्य मी नोकरीभर फळ्यावर लिहिलंय." आणि मी भेळेचे पैसे दिले, कारण त्या दिवशी मी जिंकले होते.

आता खरी गोष्ट. आपाचं घर पंचगंगेच्या अंगाला, खालच्या गल्लीत. गेल्या काही वर्षांत दोनदा महापूर आला आणि दोन्ही वेळा पाणी तिच्या घरात माळ्यापर्यंत गेलं. तिचे मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते. गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि आता काठीशिवाय त्यांना मोरीपर्यंतही जाता येत नाही. दुसऱ्या पुरात त्यांना खुर्चीसकट उचलून बोटीत घालावं लागलं. ज्या माणसानं घाटातनं लोकांना सुखरूप नेलं, तो त्या बोटीत लहान पोरासारखा रडत होता, असं आपानं मला सांगितलं. "पुढचा पावसाळा ह्या घरात काढायचा न्हाय," ती म्हणाली. "पाणी आलं तर ते आता उठायचेच न्हाईत."

नेमका आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. मालक पुण्याला मुलाकडं चाललेले. इमारत चढावर, पाणी यायचा प्रश्नच नाही. लिफ्ट आहे आणि ती कधी कधी चालतेही. मालक तयार, आपा तयार. फक्त सोसायटीची ना हरकत पाहिजे होती. आमच्याकडं ती नेहमी चहा पिता पिता मिळते. मी चेअरमनना आपाचं नाव सांगितलं आणि त्यांचा चहा कपातच राहिला.

दुसऱ्या शहरांत अशा वेळी लोकांची मोठी सोय असते. ते लोक मटण शिजवतात हो, वास येतो, असं म्हटलं की काम भागतं. कोल्हापुरात ही सोय नाही. आमच्या जिन्यातनं रविवारी वर चढलं की कुठल्या मजल्यावर कुणाचा तांबडा रस्सा उकळतोय हे डोळे झाकून सांगता येतं. चेअरमन स्वतः दर रविवारी उजाडताच मटणाच्या दुकानापुढं उभे असतात. तो दुकानदार आपाचा चुलतदीर. चेअरमनना चापाचं मटण मागं काढून ठेवतो, आणि हे त्याला नातवाच्या बारशाचं पहिलं आमंत्रण देतात. तेव्हा मटणाचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. बिचाऱ्यांना दुसरी कारणं शोधावी लागली, आणि त्यांची फार ओढाताण झाली.

"पाण्याचा जरा प्रॉब्लेम हाय ओ बाई."

"जाणारे लोक पाणी पीत न्हवते का?"

"पार्किंगचं पण हाय."

"तिच्या मिस्टरांना चालता येत न्हाय. गाडी काय काठीला चालवणार हाईत?"

मग चेअरमननी आवाज खाली आणला. "माझी काय हरकत असणार ओ? मी तसला माणूस न्हवं. पण बाकीच्यांचं बघाय पायजे का नको?"

मी बाकीच्यांकडं गेले. एकेक मजला, एकेक दार. प्रत्येकानं मला बसवलं, सरबत दिलं आणि सांगितलं, आमची कसली हरकत, बाकीच्यांचं बघा. सगळ्या इमारतीत हरकत असलेला एकही माणूस मला सापडला नाही, आणि तरी ना हरकत मिळेना. शेवटी मला वाटायला लागलं, हे बाकीचे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत राहत असतील.

सभा ठरली रविवारी, खाली पार्किंगमध्ये. रविवार ठरवला तो चेअरमननी, आणि ते पस्तावले. कारण सगळ्यांच्या घरी मटण गॅसवर होतं. दर थोड्या वेळानं वरनं शिट्टी यायची आणि एक माणूस उठून जायचा. कोरम भरायचा आणि मोडायचा.

मी तयारी करून गेले होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा इस्त्रीची साडी, हातात घटना, खुणेला चिठ्ठ्या. उभी राहिले आणि समतेच्या कलमापासनं सुरुवात केली. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, यावरनं भेदभाव करता येणार नाही, हे असं खणखणीत म्हटलं की वॉचमन उठून उभा राहिला. त्याला राष्ट्रगीत सुरू झालं असं वाटलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी हात वर केला. "बाई, हे कलम मुख्यतः सरकारला लागू होतंय. आपली सोसायटी म्हंजे काय सरकार न्हवं."

"म्हणजे सरकारनं भेदभाव करायचा न्हाय, पण तुम्ही केला तर चालतोय?"

"मी कुठं करतोय? मी आपलं कायद्याचं सांगितलं. माझी वैयक्तिक काय हरकत न्हाय."

वरनं शिट्टी झाली. दोघं उठले. चेअरमन घड्याळ बघायला लागले आणि म्हणाले, "मग हा विषय पुढच्या सभेत घेऊया काय?" पुढची सभा म्हणजे पावसाळ्यानंतर. माझ्या डोळ्यांपुढं ती बोट आली, खुर्ची आली, खुर्चीतला माणूस आला. माझं डोकं सटकलं. हातातली घटना मी खुर्चीवर ठेवली आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले.

"अहो, तुम्हाला माहीत तरी हाय का कसली बाई हाय ती? आमच्या शाळेच्या गणपतीचे मोदक दरवर्षी तिनं केले. दिवाळीला अख्ख्या स्टाफला तिच्याकडनं चकली. इतक्या वर्षांत तिचा चढा आवाज कुणी ऐकला न्हाय. मिस्टर तर इतके गरीब की समोरच्यानं पाय तुडवला तर हेच सॉरी म्हणतील. पोरगं लांब नोकरीला, येणंजाणं न्हाय, गर्दी न्हाय, गोंधळ न्हाय. ती माणसं इमारतीत आलेली तुम्हाला कळणार पण न्हाय. अशी चांगली माणसं तुम्हाला दिवा घेऊन शोधली तरी मिळायची न्हाईत!"

घटनेनं जे झालं नाही ते मोदकांनी झालं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेअरमन म्हणाले, "असली माणसं पायजेतच की सोसायटीत." वकील म्हणाले, मग काय प्रश्नच मिटला. टाळ्या वाजल्या. एकमतानं मंजूर. वर प्रवेशाच्या दिवशी शाल, श्रीफळ देऊन जाहीर सत्कार करायचाही ठराव झाला. सगळे खुशीत रस्सा प्यायला वर गेले.

मी रिक्षा करून थेट आपाकडं. वाटेत पेढे घेतले. मला वाटलं, आज ही मला मिठीच मारती. तर ती दारात उभी, हातात मोबाईल. आमच्या सोसायटीतल्या कुणीतरी भाषण रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं होतं. ते ग्रुपवरनं मटणाच्या दुकानात आणि दुकानातनं तिच्याकडं, माझी रिक्षा पोचायच्या आधी.

"बस," ती म्हणाली. पेढ्यांकडं बघितलं पण नाही. "हे काय बोललीस?"

"अगं, मिळाली की ना हरकत!"

"मला चढा आवाज न्हाय? आम्ही आलेलं कळणार न्हाय? मेलेलं माणूस घेताय का घरात?" तिचा आवाज इतका चढला की समोरची कोंबडी पळाली. "नोकरीभर फळ्यावर काय लिहीत होतीस? हक्क म्हंजे बक्षीस न्हवं. आणि माझी पाळी आली तर मोदक मोजून दाखवलेस व्हय गं?"

"मग काय करणार होते? त्यांना कलम पटंना!"

"त्या फ्लॅटमधनं जाणाऱ्या लोकांचं तुझ्याच तोंडनं ऐकलंय मी. त्यांनी लिफ्टमध्ये कुत्रं मुतवलं, मेंटेनन्स बुडवला. त्यांना कुणी विचारलं का, तुम्ही चांगले हाय का म्हणून? त्यांना नुसतं माणूस असून घर मिळालं. मला मिळायला मी फरिश्ता असाय पायजे?"

मी पेढ्याचा बॉक्स मांडीवर घेऊन बसले. मला तिचा राग आला, माझा आला, आणि सगळ्यात जास्त राग याचा आला की ती माझ्याच वाक्यानं मला हाणत होती. आत तिचे मिस्टर सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, पेढा द्या इकडं. भांडणात पेढ्याचा काय दोष." आणि त्यांनी दोन खाल्ले.

"मी येणार न्हाय," आपा म्हणाली.

"येऊ नको. बस पुरात," मी म्हटलं. मग मला रडू आलं, आणि मला रडताना बघून तिलाही आलं. बराच वेळ दोघी नाक पुसत बसलो. शेवटी ती म्हणाली, "येते. ह्यांच्यासाठी येते. पण तो सत्कार रद्द कर. शाल घेऊन मी माझ्याच घरात शिरणार न्हाय."

सत्कार रद्द करणं हे ना हरकत मिळवण्यापेक्षा अवघड निघालं. मी चेअरमनच्या दारात गेले तर त्यांचा चेहराच पडला. "फ्लेक्स छापलाय की ओ बाई!"

त्यांनी तो हॉलमध्ये पसरून दाखवला. आमच्या गावात मांजर व्यालं तरी फ्लेक्स लागतो, हे मी विसरलेच होते. मध्ये आपाचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो, त्यात तिचे डोळे मिटलेले. भोवती सगळ्या कमिटीचे हसरे चेहरे, चेअरमनांचा गॉगल लावून. वर लिहिलेलं, 'सर्वधर्मसमभावाचा आदर्श : आमची सोसायटी.' आपाच्या नावापेक्षा सोसायटीचं नाव मोठं होतं.

"तिसऱ्या मजल्यावर दिवाळीत नवीन कुटुंब आलं," मी म्हटलं, "त्यांचा फ्लेक्स कुठाय?"

"त्यांचा कशाला फ्लेक्स? ते आपलं..." चेअरमन बोलता बोलता थांबले. माणूस वाईट नाही. त्यांनी फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कान खाजवला. "आयला," ते म्हणाले, आणि फ्लेक्स गुंडाळायला लागले. आता त्यांची स्कूटर त्याच्याखाली असते. पावसात भिजत नाही.

आपा मे महिन्यात राहायला आली. शाल नाही, नारळ नाही. टेम्पोतनं कपाटं उतरली, तिचे मिस्टर लिफ्टनं वर गेले, त्या दिवशी लिफ्ट चालू होती. जुलैत नदीनं पात्र सोडलं, खालच्या गल्लीत पाणी शिरलं. तिचे मिस्टर आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसून चहा पीत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याची पातळी विचारत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी जिन्यात बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. मी दार उघडलं. सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. खाली आपा कमरेला पदर खोचून उभी, समोर चेअरमन. "पाणी सोडायची वेळ सहाची ठरली असंल तर सहालाच सोडायचं! तुमची अंघोळ झाली की कॉक बंद? आम्ही काय तयम्मुम करून बसायचं?" तयम्मुम म्हणजे पाणी नसलं की नमाजाआधी कोरड्या मातीनं हात-तोंड पुसणं. चेअरमनना तो शब्द कळला नाही, पण भाव पोचला. ते म्हणाले, हळू बोला. ती म्हणाली, हळू न्हाय बोलणार, मेंटेनन्स भरलाय. वकील मध्ये पडायला गेले, तर त्यांनाही त्यांच्या गळक्या नळावरनं मिळालं.

चेअरमन तरातरा वर माझ्याकडं आले. "काय ओ बाई! आवाज ऐकू पण येणार न्हाय म्हणाला होता तुम्ही!"

"मी कसंबी बोलले ओ," मी म्हटलं. "लई भांडखोर बाई हाय ती." मला इतका आनंद झाला होता की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सहाला पाणी आलं.

त्याच संध्याकाळी आपा माझ्याकडं आली. गार पाणी प्यायली, पंख्याखाली पाय पसरून बसली. इतकी खूष मी तिला तिच्या मुलाच्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती. बसल्या बसल्या तिनं वर बघितलं. माझ्या हॉलच्या छताला हिरवट ओल आलेली, कोपऱ्यातला गिलावा सुटलेला.

"हे काय?"

"वरच्या वहिनींची बाथरूम गळती. झाली बरीच वर्षं."

"सांगितलं न्हाईस त्यांना?"

"सांगितलं की. एकदा, हसत हसत."

"तू? हसत हसत?" ती माझ्याकडं बघत राहिली. "कंडक्टरला रडवणारी तू? ह्या इमारतीत तू कुणाशी भांडलीस गं आजपर्यंत?"

मी आठवायला लागले. भाजीवाली आठवली, बँकेतला कारकून आठवला, शाळेचे तीन हेडमास्तर आठवले. इमारतीतलं कुणी आठवेना. चेअरमनच्या कुंड्या माझ्या दाराशी, मी हसते. वरनं ओली धुणी माझ्या वाळवणावर टपकतात, मी हसते. आणि मग मला तो दिवस आठवला, आम्ही इथं राहायला आलो तो. माझ्या मिस्टरांचे एक साहेब, देवमाणूस, आमच्यासाठी शब्द टाकायला आले होते. खाली उभे राहून सांगत होते, "तसले असले तरी फार चांगले लोक आहेत बरं का. तुम्हाला काही त्रास नाही व्हायचा." मी जिन्यात घागर घेऊन उभी होते. तेव्हापासनं मी कुणाला त्रास दिलेला नाही.

हे मी आपाला सांगितलं. मिस्टर जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. फरिश्ते नाहीत, फितरत नाही, काही नाही. आपा उठली, माझ्या चपला माझ्यापुढं सरकवल्या.

"कुठं?"

"वर."

मी जिना चढले. आपा एक पायरी मागं होती. मी बेल दाबली. वहिनींनी दार उघडलं, नेहमीसारख्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, या की बाई! चहा टाकते."

"चहा नको," मी म्हटलं. "भांडायला आलेय."